भंडारा, धूळ आणि सेन्सर

चिंचलीच्या मायक्काच्या जत्रेतले तुमचे फोटो पाहिले. आभाळात प्रत्येक फोटोत त्याच जागी करड्या टिकल्या आहेत. 'कॅमेरा बंद करताना सेन्सर आपोआप साफ होतो म्हणतात, मग हे काय?' असा तुमचा प्रश्न. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग, गेलेला नाही, घाबरू नका.

मुळात धूळ सेन्सरवर बसतच नाही, त्याच्या पुढच्या काचेवर बसते. दिसते ती तिची सावली. एफ/4 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं असताना, ती इतकी पसरते की कळतही नाही, एफ/16 पासून पुढे छिद्र बारीक झालं की मात्र ठसठशीत होते. तुम्ही भर उन्हात एफ/16 वर काढलेत, म्हणून एवढ्या उठल्या.

आता ती आपोआप सफाई. बदलत्या लेन्सच्या डिजिटल कॅमेऱ्यात हे ऑलिंपसने 2003 च्या ई-1 मध्ये पहिल्यांदा आणलं. सेन्सरपुढच्या काचेला पायझो पट्टी जोडलेली असते. विजेचा दाब बदलला की ती आकुंचन-प्रसरण पावते आणि काच थरथरते, ऑलिंपसच्या म्हणण्याप्रमाणे सेकंदाला 30,000 हून जास्त वेळा. धूळ सुटून खालच्या चिकट पट्टीवर पडते. 2006 मध्ये कॅननने 400डी मध्ये अशीच काच हलवली. सोनीने अल्फा 100 मध्ये वेगळं केलं: फोटो हलू नये म्हणून सेन्सर सरकवणारी जी यंत्रणा होती, तिनेच सेन्सर झटकायचा, वर धूळ चिकटू नये म्हणून काचेला स्थिर वीजरोधक लेप. धूळ खाली पडायची असते, म्हणून सफाई चालवताना कॅमेरा टेबलावर सरळ उभा ठेवा. गळ्यात आडवातिडवा लटकत असताना उपयोग कमी.

खरं हे सगळं कोरड्या धुळीपुरतं. आपल्याकडची अडचण भंडारा. हळद बारीक, तिच्यात तेलाचा अंश, त्यात घाम आणि हवेतला ओलावा. एकदा काचेला धरली की कितीही थरथरवा, हलत नाही. निपाणीकडची तंबाखूची धूळही तसलीच चिवट. म्हणून जत्रेहून आल्यावर त्याच रात्री सफाई चालवा, आठवड्याने नको.

नाही गेली तर रबरी ब्लोअर, म्हणजे दाबून हवा मारायचा फुगा. लेन्स काढून सेन्सरपुढचा पडदा, म्हणजे शटर, उघडा धरावा लागतो, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर मध्येच शटर मिटेल. कॅमेऱ्याचं तोंड खाली, ब्लोअरचं टोक आत न घालता. तोंडाने फुंकू नका. मी खानापूरला एकदा फुंकलं आणि थुंकीचा ठिपका पाडून घेतला. तो काढायला बेळगावात पैसे मोजले, वर दुकानदाराचं बोलणंही ऐकलं. डब्यातली दाबाची हवाही नको, तिचा द्रव काचेवर उडतो. तरीही डाग राहिला तर ओल्या स्वॅबने (कापडी टोकाच्या काडीने) पुसावं लागतं. हात बसलेला नसेल तर ते काम दुसऱ्याला द्या.

टिकली कुठे आहे ते शोधताना एक गंमत लक्षात ठेवा: फोटोत वर डावीकडे दिसते ती समोरून बघताना काचेवर खाली डावीकडे असते. मी सुरुवातीला अर्धा तास उलटीच बाजू फुंकत बसलो होतो.

तुमचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा असेल तर लेन्स काढण्याआधी कॅमेरा बंद करा. काही मॉडेलमध्ये तेव्हा शटर मिटतं, काहींत सेन्सर उघडाच राहतो. पुढच्या पौर्णिमेला एकच 18-135 ची झूम लेन्स लावून जा आणि भंडाऱ्याची उधळण थांबेपर्यंत ती काढूच नका. सौंदत्तीच्या डोंगरावर मी तसंच करतो, दूरचे चार फोटो गेले तरी चालतील.