अंधाऱ्या अद्भुतपटातील रंग आणि पाऊस

प्रश्न : अंधाऱ्या अद्भुतपटांतील (डार्क फँटसी चित्रपटांतील) भय केवळ काळोखातून निर्माण होते का? (एक वाचक, खानापूर, जि. बेळगाव)

उत्तर : नाही, माझ्या मते रंगयोजना अधिक प्रभावी ठरते. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्ये (२००६) १९४४च्या स्पेनमधील लष्करी वास्तव थंड निळसर छटांत व सरळ रेषांत, तर त्यातील लहान नायिकेचे अद्भुत विश्व उबदार सोनेरी छटांत व वक्र आकारांत दिसते, कथा पुढे सरकते तसे हे रंग एकमेकांत मिसळत जातात आणि ते विश्व खरे की कल्पित, हा निर्णय प्रेक्षकावर सोपवला जातो. ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटात (२०१८) भय निर्माण करण्याचे हे काम पाऊस करतो. त्याचे चित्रीकरण अनेक पावसाळ्यांत झाले, आणि खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीचा पाऊस अनुभवलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती ओल ओळखीची असल्यामुळेच त्यातील हस्तर हा लोभी, राक्षसी देव अधिक खरा वाटतो.