मैफल संपली, झाडाझडती संपेना

पत्रं निरनिराळ्या वाद्यांची, घोळ मात्र एकच: चूक झाली की स्वतःला कोसत राहणं. म्हणून निवडक उत्तरं एकत्र देतो.

एक तान घसरली. टाळ्या पडल्या तरी रात्रभर तीच ऐकू येत होती. हा आजार आहे का? (गायिका)

नाही. पण झोप उडणं आठवडे चाललं किंवा कार्यक्रम टाळावेसे वाटू लागले, तर समुपदेशकाला भेटा.

स्वतःला माफ करत बसलो तर रियाज ढिला पडेल ना? (व्हायोलिनवादक)

हे कोणी डोक्यात भरवलंय? आत्मकरुणेची मोजपट्टी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडली. स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं आणि दुःखात वाहून न जाता त्याच्याकडे पाहणं, असे तिचे तीन भाग. यात माफी कुठे आली? २०१२ मध्ये ब्राइन्स आणि चेन या संशोधकांच्या प्रयोगात, परीक्षेत आपटल्यावर स्वतःकडे करुणेनं पाहायला सांगितलेल्यांनी फेरपरीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

आता तुमचा रियाज रेकॉर्ड करून ऐका. सूर चुकला की चरफडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. सोपी सुरुवात घासून गुळगुळीत होते, अवघड जागा तशीच कच्ची. ‘तिसरं बोट वर सरकतंय’ यावर काम करता येतं. ‘मी कामाचाच नाही’ यावर काय करणार? शिव्या घातल्या म्हणजे मेहनत झाली, हा समज कलावंतांनीच एकमेकांत पसरवलाय. चरफड रोजचीच असेल, तर गुरूंसोबत एखाद्या मानसशास्त्रज्ञाशीही बोला.

रागावले की मुलं पुढच्या वेळी बरं वाजवतात, हा माझा अनुभव. (शिक्षिका)

फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा त्याहून बरा जातो, तुम्ही रागावा किंवा नका रागावू. श्रेय रागाला मिळतं, एवढंच. मूल वर्गाआधी रडत असेल, तर पालकांशी बोला.

मित्र कार्यक्रमाआधी प्रोप्रॅनोलॉल (छातीची धडधड कमी करणारी गोळी) घेतो. मी घेऊ?

डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय नाही. दमा असलेल्याचा त्यानं श्वास कोंडू शकतो. मित्राची गोळी मित्राकडेच राहू द्या.

‘एकवीस दिवसांत परफेक्शनिझम गायब’ असा कोर्स करू का?

नको.

वाजवताना करंगळी आपोआप आत वळते, दुखत नाही. वर्षभर रियाज वाढवून पाहिला. (पियानोवादक)

वर्षभर! आधी तो वाढवलेला रियाज थांबवा. हा फोकल डिस्टोनिया, म्हणजे एखाद्याच भागाचे स्नायू आपल्या मनाविरुद्ध आखडण्याचा चेतासंस्थेचा विकार, असू शकतो. त्यात जोर लावून घोटल्यानं बिघाड वाढू शकतो. आळस किंवा कच्चेपणा समजून स्वतःला कोसू नका. याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. एरवी हात ठीक दिसतो, तेव्हा वाजवतानाचा व्हिडिओ सोबत न्या.