इंग्रजी लिहिता-वाचता येतं, तरी परदेशी सहकारी सहज बोलतात ते का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमात झालं, ईमेल बिनचूक लिहिता, पण हिंजवडीच्या ऑफिसात संध्याकाळी अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल सुरू झाला की ‘टेल मी अबाउट इट’, ‘आय ॲम गुड’ असल्या वाक्यांना अडता. शब्द तर प्राथमिक शाळेतले, मग अडतं कुठे?

मी खराडीत सपोर्टचं काम करते. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना कॉलसाठी तयार करणं हा माझ्या कामाचाच भाग, त्यामुळे हे अडणं जवळून बघते. शब्दांचा अर्थ सगळ्यांना येत असतो. समोरच्यानं ते वाक्य कशासाठी म्हटलं, इकडे लक्ष जात नाही.

आपण मराठीत हेच करतो. घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘काय, जेवण झालं का?’ विचारणाऱ्याला भाजी कुठली होती हे ऐकायचं नसतं. वर्गणी मागायला आलेल्याला ‘बघू’ म्हटलं, की तो काय ते समजतो. माहिती देण्यासाठी नव्हे तर नुसता जिव्हाळा राखण्यासाठी होणारं असं बोलणं प्रत्येक समाजात असतं, हे मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच मांडलं होतं. ‘हाउज इट गोइंग’ त्यातलंच. त्याला ‘गुड, अँड यू?’ एवढं उत्तर पुरतं.

एका नव्या मुलाचा कॉल मी शेजारी बसून ऐकत होते. तो ग्राहक बाईंना म्हणाला, आज सिस्टिम फार हळू चालतेय. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, ‘टेल मी अबाउट इट!’ हा लगेच सर्व्हरचं काय बिघडलंय ते सविस्तर सांगायला लागला. त्यांना म्हणायचं होतं, ‘हे मला सांगताय? सकाळपासून मीच भोगतेय.’ खूण त्या सुस्काऱ्यात होती. खरोखर माहिती हवी असती, तर आवाजात उत्सुकता असती. ‘आय ॲम गुड’चंही तसंच. कोणी विचारपूस केली तर ‘मी मजेत’, पण कोणी काही देऊ केलं तर ‘नको, थँक्यू’. आधी काय बोललं गेलं ते धरून ठेवलं की गोंधळ उरत नाही.

कामाच्या दृष्टीनं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मऊ भाषेतलं सांगणं. मॅनेजर ‘यू माइट वॉन्ट टू चेक दॅट’ म्हणाला, तर ‘वाटलं तर बघ’ असा अर्थ घेऊन सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ते ‘तपासून घे’ असंच असतं. याकडे दुर्लक्ष झालं की हुशार मुलंही निष्काळजी ठरतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

काही शब्दप्रयोग मात्र नुसत्या अंदाजानं सुटत नाहीत. ‘गुगली टाकली’ म्हटलं की आपल्याला लगेच कळतं, कारण क्रिकेट अंगात मुरलंय. अमेरिकेत ती जागा बेसबॉलची. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. पावसानं सामना थांबला की पुढच्या सामन्याला चालेल अशी चिठ्ठी प्रेक्षकांना मिळायची, तो ‘रेन चेक’. जेवायला बोलावल्यावर कोणी ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ म्हणालं, तर आज नको, पुन्हा कधीतरी.

कॉलवर लंडनचे लोकही असतील तर जास्त सावध राहा. ब्रिटनमध्ये एखादा मुद्दा ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ खटके उडाल्याचं चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही अडतात.

याद्या पाठ करू नका. त्याऐवजी कॉल संपल्यावर अडलेलं वाक्य, त्याच्या आधीचं वाक्य आणि त्यावर इतरांनी काय उत्तर दिलं, असं तिन्ही लिहून काढा. मग यूग्लिश या साइटवर ते वाक्य टाका. खऱ्या व्हिडिओंमधून तो तुकडा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतो. अर्थासाठी केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश चांगला आहे. तिथे ‘इन्फॉर्मल’ असं लिहिलेलं असेल, तर ते ग्राहकाच्या ईमेलमध्ये घालू नका. हे सगळं स्वतः बोलायची गरजही नाही. कळलं की काम भागतं. साध्या, स्वच्छ इंग्रजीला कोणी कमी लेखत नाही.

आपलं इंग्रजीही त्यांना अडतं, हे लक्षात असू द्या. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते, ती ब्रिटिश लष्करी परंपरेतली. आपण त्याच चालीवर ‘आय पास्ड आउट इन २०२१’ म्हणतो, आणि अमेरिकन माणसाला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडलात. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. आणि कॉलवर काही कळलं नाही, तर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नका, त्यांना तुम्ही शंका घेताय असं वाटू शकतं. ‘आय हॅव अ क्वेश्चन, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ असं सरळ, तिथल्या तिथे विचारा.