साठ हजार भरण्याआधी सांगलीचा एक नकाशा

प्रश्न : मुलगी सांगलीत बी.एस्सी. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. उपग्रहचित्रं आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायची पद्धत) वापरून शहरांच्या पर्यावरणाचा अभ्यास करायचा, असं तिनं ठरवलंय. एक खासगी क्लास सहा महिन्यांचे साठ हजार मागतो आणि नोकरीची हमी देतो. भरावेत का? नातेवाईक म्हणतात, भूगोलाला विचारतं कोण! – एक पालक

उत्तर : नमस्कार. पैसे इतक्यात भरू नका. हमी देणाऱ्याकडून ती आधी लेखी मागा, बहुतेक विषय तिथंच मिटेल. अशा क्लासमध्ये मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवतात. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेल आणि लँडसॅट या उपग्रहांची चित्रंही फुकट आहेत. डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था छोटे ऑनलाइन कोर्स विनाशुल्क घेते. सुरुवातीला एवढं पुरे.

मुलीला एक काम सांगा. ऑगस्ट २०१९च्या पुरात इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या पुराचा नकाशा तिनं करावा. तेव्हा आभाळ भरलेलं, त्यामुळे साध्या चित्रात नुसते ढग दिसतील. सेंटिनेल-१ रडारनं बघतो, म्हणजे स्वतः लहर सोडतो आणि परत आलेली टिपतो; त्याला ढगांची अडचण नाही. साचलेल्या सपाट पाण्यावरून रडारची लहर पलीकडे निघून जाते, म्हणून बुडालेलं शिवार काळं दिसतं. खरी मेख गावात आहे. तिथं लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे येते, त्यामुळे बुडालेली गल्ली उलट उजळ दिसू शकते. काळं ते पाणी असं धरून चाललं, तर मारुती चौक नकाशात कोरडा निघेल! मग वही घेऊन गावभागात, दत्तनगरात फिरायचं, भिंतींवरच्या पुराच्या खुणा मोजायच्या, घरोघरी विचारायचं आणि नकाशा दुरुस्त करायचा. बाहेरून आलेल्याला हे जड जातं. तिला सोपं जाईल.

पुढे एम.एस्सी. जिओइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीआयएस आणि उपग्रहचित्रांचाच अभ्यास, करावं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाचे निकष त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या राष्ट्रीय परीक्षेत २०२२पासून जिओमॅटिक्सचा (भूमापन आणि नकाशाशास्त्राचा) स्वतंत्र पेपर आहे, तोही डोक्यात असू द्या. सोबत संख्याशास्त्र आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हवीच. गणिताचा कंटाळा असेल तर मात्र आत्ताच बोलून घ्या.

नोकऱ्या आहेत: नागपूरचं एमआरसॅक (राज्य सरकारचं उपग्रहचित्रांवर काम करणारं केंद्र), महापालिकांची कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्या, पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्था. पण सुरुवातीची बरीच कामं म्हणजे चित्रावर घरं-रस्त्यांच्या रेघा ओढत बसणं, आणि पगारही बेताचाच. वर्ष-दीड वर्ष ते करायला हरकत नाही, त्यात नजर बसते. त्याहून जास्त काळ तेच करावं लागलं, तर जागा बदलावी.

नातेवाइकांना सध्या काही सांगू नका. नकाशा झाला की तिच्या सरांना दाखवा आणि मला पाठवा. कोर्सचं त्यानंतर बोलू.