परीक्षा पास झालो, मग सर्टिफाइड का नाही?

मागच्या एप्रिलात नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर एक भूल देणारे डॉक्टर आले होते, कूलर फुल स्पीडवर अन् तरी घामाघूम. टेकल्याटेकल्या म्हणाले, "मॅडम, मी लोकांना फसवून राहिलो का हो?"

झालं असं की ऑपरेशन चालू असताना अन्ननलिकेतून प्रोब टाकून हृदयाची इको करतात ना, त्याची अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ एकोकार्डिओग्राफीची अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा यांनी दोन वर्षांमागं पास केली, घरी पेढे वाटले, हॉस्पिटलवाल्यांनी पाटीवर 'बोर्ड सर्टिफाइड' लिहून टाकलं आणि हे गप्प राहिले. मग एका ज्युनिअरनं सहज विचारलं, सर फेलोशिप (म्हणजे एमडीनंतरचं खास ट्रेनिंग) कुठून केली? तेव्हापासून झोप उडालेली.

हा घोळ मी बऱ्याच डॉक्टरांत पाहते. पेपर निघाला की तुम्ही 'टेस्टामूर', म्हणजे परीक्षा पास एवढंच. सर्टिफिकेशन वेगळं मागावं लागतं, त्याला लायसन्स पाहिजे, स्पेशालिटीची पदवी पाहिजे आणि या प्रकारात 12 महिन्यांची हृदय-छातीच्या ऑपरेशनांतल्या भुलेची, म्हणजे कार्डिओथोरॅसिक अ‍ॅनेस्थेशियाची फेलोशिप, 300 इकोंचा अभ्यास, त्यातल्या 150 स्वतः केलेल्या, वरून शिकवणाऱ्याचं सहीचं पत्र. यांच्याकडं केसेस ढीगभर, पण ओटीतच शिकलेले, फेलोशिप नाही आणि केसेस नोंदवायचं लॉगबुक अर्धं कोरं. (डॉक्टर लोक पेशंटला फाइल सांभाळायला सांगतात, स्वतःची कुठं ठेवतात देव जाणे.)

मी म्हटलं, डॉक्टर, भूल द्यायचा तुमचा हक्क तुमच्या एमडीचा आणि इथल्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचा, त्या अमेरिकन कागदानं तो येत नाही अन् जातही नाही. परीक्षा तुम्ही खरीच पास केलीय. चूक फक्त पाटीवरच्या दोन शब्दांची आहे, ती उद्या दुरुस्त होते. मग त्यांना पुन्हा पुन्हा एकच भीती, लोक काय म्हणतील, डिमोशन झालं म्हणतील. त्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या, कारण खरं दुखणं तिथंच होतं, वडील गावात सगळ्यांना सांगून बसले होते.

शेवटी ॲडमिनला काय बोलायचं ते माझ्यासमोर मोठ्यानं म्हणून पाहिलं, पहिल्यांदा तर आवाजच फुटेना. पाटी पंधरा दिवसांनी बदलली. पुढच्या भेटीत म्हणाले, फेलोशिपचे फॉर्म काढलेत, बायको म्हणते वर्षभर पगार कोण देईल, ते अजून ठरायचंय. आणि बाबा रोज फोनवर विचारून राहिले, "टेस्टामूर म्हणजे मोठी पोस्ट असते का रे?"