हार्डीच्या कादंबरीतली शेतीची पानं गाळून वाचली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' पहिल्यांदाच वाचायला घेतली, खेड्यातली प्रेमकथा म्हणून घेतली, आणि निघाली सगळी मेंढरं, गंजी नि पाऊसपाणी. ती पानं गाळली तर काही बिघडतं का? आणि प्रत कोणती घ्यावी?

बिघडतं. एरवी मीही पानं गाळणारीच. निसर्गवर्णन सुरू झालं की नजर आपोआप खालच्या परिच्छेदावर उतरते. पण इथे कोणाचं कोणावर किती प्रेम आहे, हे बोलण्यातून कमी आणि कामातून जास्त कळतं. शेती गाळलीत तर हातात उरेल एक बाई, तीन पुरुष आणि बरीचशी पत्रापत्री.

पाचवं प्रकरण बघा. मेंढ्या पाळणाऱ्या गॅब्रिएल ओकने उधारीवर घेतलेल्या 200 गाभण मेंढ्या त्याचं अर्धवट शिकलेलं कुत्रं कड्यावरून खाणीत लोटतं. ओकच्या मनात आधी येते ती त्या मेंढ्यांची आणि पोटातल्या कोकरांची कीव. विमा उतरवलेला नव्हता, हे त्यानंतर आठवतं. मग तो म्हणतो, बरं झालं माझं लग्न झालेलं नाही, नाहीतर या गरिबीत तिचं काय झालं असतं! आणि ही 'ती' कोण, तर काही दिवसांपूर्वीच त्याला नकार दिलेली नायिका, बॅथशेबा. माझं आजोळ माणदेशात. एका रात्रीत कळप जाणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हे पान मी हार्बर लाइनच्या गाडीत वाचलं आणि नंतर बराच वेळ पान उलटलंच नाही.

पुढे बॅथशेबाला काकांची शेती मिळते. चोरी करणाऱ्या कारभाऱ्याला ती हाकलते आणि सगळा कारभार स्वतःच्या हातात घेते. कॅस्टरब्रिज गावच्या धान्यबाजारात सगळ्या पुरुषांत ती एकटी बाई, तळहातावर दाणे ओतून भावासाठी हुज्जत घालते. मी वाशीच्या दाणाबाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहायचे, त्यामुळे या प्रकरणावर माझा जरा जास्तच जीव आहे. पोत्याला परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, मारून दाणा हातावर घेणाऱ्या बाईकडे बाजार कसा बघतो, ते हार्डीला अचूक ठाऊक होतं. त्या बाजारात एकच माणूस तिच्याकडे वळूनही बघत नाही, तो म्हणजे शेजारचा शेतकरी बोल्डवुड. तेच तिला खुपतं आणि पुढे थट्टेत ती त्याला एक व्हॅलेंटाइन धाडते. प्रेमपत्राचा उगम धान्यबाजारात आहे. बाजार गाळलात तर तिने तसं का केलं, हे कळायचंच नाही.

एकविसाव्या प्रकरणात मेंढ्या कोवळ्या घासात शिरतात आणि त्यांची पोटं फुगतात. बरसीमच्या हिरव्या चाऱ्यावर जनावर सुटलं की आपल्याकडेही हेच होतं. डाव्या कुशीत नेमक्या जागी नळी घुसवून वायू काढायचा, एवढाच उपाय. तो येतो फक्त ओकला. कळप गेल्यावर तो बॅथशेबाच्याच शेतावर मेंढपाळ म्हणून लागलेला, आणि त्याला तर तिने नुकतंच कामावरून काढलेलं. ती हुकूम धाडते, तो येत नाही. मग ती विनवणीची चिठ्ठी लिहिते. तो येतो आणि 57 पैकी 49 मेंढ्या नळी घालून वाचवतो. दोघांत प्रेमाचा एक शब्द होत नाही, पण त्या चिठ्ठीनंतर आधीची मालकीण आणि आधीचा गडी उरत नाहीत.

आता ट्रॉय. लाल गणवेशातला हा सार्जंट गवताच्या कापणीत मदतीला येतो तो मौज म्हणून. हार्डीने तसं स्पष्टच लिहिलंय. नेच्यांच्या खोलगट जागेत तिच्याभोवती तलवार फिरवण्याचं त्याचं प्रकरण सगळ्यांना आठवतं, आणि आहेच ते भन्नाट. पण त्याच्या शेजारी वादळाची रात्र ठेवून वाचा. वाटेत बेडूक, घरात गोगलगाय, शेपट्या एका दिशेला करून दाटीने उभी मेंढरं, एवढ्यावरून ओक पाऊस ओळखतो. उघड्यावर बॅथशेबाच्या गव्हाच्या पाच आणि बार्लीच्या तीन गंजी, मिळून 750 पौंडांचा माल. गडीमाणसं ब्रँडी पिऊन कोठारात आडवी. ती कोणी पाजली, ते सांगत नाही. ओक विजांच्या कडकडाटात एकटाच गंजी झाकायला चढतो आणि थोड्या वेळाने बॅथशेबा त्याच्या मदतीला येते. सकाळी बोल्डवुड भेटतो. त्याच्या गंजी झाकायच्या राहूनच गेल्या आहेत. एवढा काटेकोर शेतकरी गंजी विसरतो, यावरून त्याच्या मनाची काय दशा झालीय ते कळतं. हार्डीला वेगळं रडगाणं लिहावं लागत नाही.

शेवटाकडे तर तो उघडच म्हणतो की स्त्री-पुरुष एकत्र येतात ते मौजेत, कामात नव्हे, म्हणून प्रेमात सोबत्याची मैत्री सहसा मिसळत नाही. हे वाक्य कोणाबद्दल आहे, ते तुम्हीच बघा.

काही गाळायचंच असेल तर आठव्या प्रकरणातल्या गावगप्पा पहिल्या वाचनात भरभर वाचा. बोली जड आहे आणि त्या म्हाताऱ्यांना कसली घाई नसते. पण जोसेफ पुअरग्रास हे नाव लक्षात ठेवा. पुढे तो वाटेत प्यायला थांबतो आणि ते फार महागात पडतं.

ही कादंबरी 1874 मध्ये कॉर्नहिल मासिकात क्रमशः आली, तीही लेखकाचं नाव न छापता. म्हणून रोज दोन-तीन प्रकरणं हा वेग तिला मानवतो. लंडनमध्ये काही वर्षं वास्तुविशारदाच्या कचेरीत काढून परतलेल्या हार्डीने ती डॉर्सेटमधल्या आईवडिलांच्या घरी लिहिली. त्याच्या कादंबऱ्यांतल्या प्रदेशाला 'वेसेक्स' हे नाव पहिल्यांदा इथेच मिळालं. आपल्याकडे श्री. ना. पेंडसेही मुंबईत बेस्टची नोकरी करता करता असाच आपला दापोलीकडचा मुलूख लिहीत होते. त्यांची 'गारंबीचा बापू' आवडली असेल तर ही अनोळखी वाटणार नाही.

प्रतीचं म्हणाल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या इंटरनेटवरच्या ग्रंथसंग्रहात फुकट आहे. कागदावरच हवी असेल तर फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुनी प्रत शोधा, मागे टिपा असलेली मिळाली तर उत्तम. फक्त प्रस्तावना शेवटी वाचा. विद्वान मंडळी दुसऱ्याच पानावर कोण मरतं ते सांगून मोकळी होतात.