मिटॉनिमी आणि सिनेक्डकी यांत नेमका फरक काय?

हे दोन्ही भाषेचे अलंकार. दोन्हींत एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, मग नावं दोन कशाला, असं तुम्ही विचारलंय. गोंधळ होणं साहजिक आहे. एवढंच तपासा: वापरलेला शब्द मूळ गोष्टीचा भाग आहे, की नुसता तिच्यासोबत असणारा?

जहाजावर 'ऑल हँड्स ऑन डेक' अशी हाक देतात. हँड्स म्हणजे हात, पण बोलावणं असतं खलाशांना. हात खलाशाच्याच शरीराचा भाग, म्हणून ही सिनेक्डकी. आणि बघा, पाय किंवा डोकं का नाही घेतलं? दोर ओढायला हात लागतात म्हणून. जो भाग कामाचा, तोच उचललाय. मला या अलंकाराचं खरं सौंदर्य इथेच दिसतं.

राजसत्तेला 'द क्राउन' म्हणतात ती मात्र मिटॉनिमी. मुकुट राजाच्या डोक्यावर असतो, पण तो त्याचा अवयव नव्हे. नातं फक्त साहचर्याचं. एडवर्ड बुलवर-लिटन यांच्या १८३९ च्या नाटकातलं 'द पेन इज मायटियर दॅन द सोर्ड' हेही तसंच: पेन म्हणजे लेखन, तलवार म्हणजे बळाचा वापर.

सिनेक्डकी उलटीही चालते, म्हणजे पूर्ण गोष्टीचं नाव घेऊन तिचा भाग सुचवायचा. 'इंग्लंड वन द मॅच' म्हणतात तेव्हा देशाचं नाव घेऊन फक्त संघ सुचवलेला असतो.

काही अभ्यासक सिनेक्डकीला मिटॉनिमीचाच पोटप्रकार मानतात, त्यामुळे एखाद्या पुस्तकात वर्गीकरण वेगळं दिसलं तर गडबडू नका. मराठी व्याकरणातली लक्षणा आठवत असेल, तर या दोघी तिच्याच जवळच्या: वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, जुळत नाही, म्हणून त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यायचा.